दिसला का?

तक्त्यात आठ रकाने:
तारीख, वेळ, उंची, वारा,
अंदाजे अंतर, किती सेकंद बोलला,
नोंद कुणाची,
आणि शेवटचा, पक्षी दिसला का?

शेवटच्या रकान्यात मी एकेचाळीस वेळा
'नाही' लिहिलंय.
हात आता न विचारताच लिहितो.

तापाकुलो. उंदराएवढा, वागायलाही उंदरासारखाच,
बांबूच्या बुडाशी ओल्या पाचोळ्यातून पळणारा.
काळा. शेपटी उभी. बस्स.
लिमाच्या संग्रहालयात एका खणात
असे चौदा निजलेत,
डोळ्यांत कापूस, पायाला चिठ्ठी.
ओतिलिया म्हणते, निम्म्या चिठ्ठ्या चुकीच्या असणार.
कुठल्या निम्म्या,
ते मेलेला पक्षी सांगत नाही.

म्हणून आम्ही दोघी धुक्यात उभ्या.
ती कान झाकून, मी मायक्रोफोन धरून;
त्याला माझ्या जुन्या रेनकोटाची बाही चढवलेली.

एकाचा आवाज, तव्यावर मका फुटतो तसा:
आधी एक दाणा, मग दोन,
मग थांबता थांबत नाही.
दुसऱ्याचा तोच तवा, तोच मका,
पण आच मंद,
आणि मध्येच कुणीतरी झाकण ठेवतं.

ओतिलियाच्या पडद्यावर हे सगळं
करड्या रेघांचं होतं.
एक फणी दाट दातांची,
दुसरीचे काही दात पडलेले.

आईला पडदा लागत नाही.
चुलीपाशी बटाटे सोलता सोलता ती सांगते:
हा खालचा. हा वरचा.
खालचा म्हणजे ओढ्याकडचा.
वरचा म्हणजे जिथे बटाटा लावला तर
गारठ्याने करपतो, तिथला.
नाव मात्र दोघांना एकच.
असं का, विचारलं तर म्हणाली,
"हाक वेगळी आहे ना त्यांची?
मग आपण कशाला हाका मारायच्या?"

ऑक्टोबरात, दोन हजार आठशे मीटरवर,
दोघे एकाच बेटात बोलले.
ओतिलियाने माझं मनगट धरलं.
आम्ही स्पीकर पाचोळ्यात ठेवला
आणि वरच्याची हाक लावली.
समोरचं एक पानही हललं नाही.
मग खालच्याची लावली.

तो आलाच. तावातावाने, भांडायला,
माझ्या बुटाच्या नाडीवरून पलीकडे गेला,
वळला, पुन्हा आला,
आपला बांध कुणी कोरला ते शोधत.
वीतभर अंतरावरून मी त्याला पाहिला.
काळा.
शेपटी उभी.
बस्स.

पाहत होते तोवर तो दोघांपैकी कुणीही होता.
डोळे मिटले,
तेव्हा कुठे पुन्हा खालचा झाला.

तक्त्यात पहिल्यांदा 'हो' लिहिलं.
ओतिलिया हसली, म्हणाली,
पुढे शेरा लिही काहीतरी.
मी लिहिलं: उपयोग झाला नाही.
तिने ते खोडलं नाही.

संध्याकाळी आईला सांगितलं,
खालचा पार वळणाच्या वर पोचलाय,
वरच्याच्या शेजारी.
तिने मान वर केली नाही.
"ऐकतेय की. दर साली थोडा थोडा चढतोय.
तू शाळेत होतीस तेव्हा
गिरणीपाशी बोलायचा."

"मग वरचा कुठे जाणार?"

सोललेला बटाटा तिने पाण्यात सोडला,
सुरी पदराला पुसली.
"वर अजून डोंगर किती उरलाय
ते तू मोज, देल्फिना.
यंत्र तुझ्याकडे आहे."